दिवसा झोपणाऱ्यांची सराई

आमच्या घरात दिवसा कुणी मोठ्यानं बोलत नाही. कुणी आजारी नाही की कुणाचं कुणाशी भांडण नाही. हे रात्रपाळीला असतात, एवढंच. मी लग्न होऊन आले तेव्हा सासूबाईंनी मला स्वयंपाकघरात नेऊन आधी डब्याचं झाकण उघडायला शिकवलं. डबा पोटाशी धरायचा, झाकणाखाली अंगठा सारायचा आणि पोट आत ओढत ओढत झाकण सोडवायचं, म्हणजे 'टप्' होत नाही. दाराच्या कडीला चिंधी गुंडाळलेली, खुर्च्यांच्या पायांना जुने मोजे, भांडी घासायच्या जागी खाली गोणपाट. दारावरची घंटी यांनी कधीच काढून टाकली. येणारा नखानं दार वाजवतो, दूधवालासुद्धा.

हे काचेच्या बाटल्यांच्या कारखान्यात आहेत. तिथली भट्टी कधी विझू देत नाहीत. विझली तर आतली काच गोठून बसते आणि भट्टीच फोडावी लागते, म्हणून रात्रीही माणसं लागतात. यांचं काम बघायचं. पांढऱ्याशुभ्र उजेडापुढून पट्ट्यावर बाटल्या सरकत जातात आणि हे स्टुलावर बसून त्या बघत राहतात. एखादीत बुडबुडा असतो, एखादीला केसाएवढी चीर असते, एखादीची मान वाकडी असते. अशी दिसली की दोन बोटांनी उचलून बाजूच्या पिंपात टाकायची. इतकी वर्षं रात्रभर हेच. "डोळे मिटले तरी सरकतात," असं म्हणतात.

नव्या नवलाईत मला वाटायचं, हा माणूस माझ्याकडे बघतो तेव्हा मीही याच्या डोळ्यांपुढून सरकत चालले आहे. एकदा धीर करून विचारलं, "अहो, माझ्यात काही दोष दिसतो का?"

यांनी नीट बघितलं. "मान जराशी वाकडी आहे. पण म्हटलं, राहू दे."

बोलणं कमी, पण बोलले तर असे. सुट्टीच्या दिवशी न हलणाऱ्या वस्तूंपाशी बसायला यांना आवडतं. कुंडीपाशी, पाण्याच्या पिंपापाशी. मी देवापुढे बसले की कधी कधी मागे येऊन बसतात. मी म्हटलं, "नाम तरी घ्या." तर म्हणाले, "तू घे. मला देव एका जागी बसलेला बघायला बरं वाटतं." आता यात भक्ती किती आणि थकवा किती, ते तो वर बसलेलाच जाणे. मी मात्र ते भक्तीच्या खात्यात मांडून टाकलं.

अशा घरात आमची लेक वाढली. लहानपणी रडायची तीही उशीत तोंड खुपसून. दुपारी यांच्या पलंगाशी जमिनीवर बसून धडा वाचायची, ओठांतल्या ओठांत, पण शब्द न शब्द स्पष्ट. ते पुटपुटणं कानांवर पडलं की हे दोन ओळींत गाढ. औषध नको, काही नको. "वाच गं जरा," म्हणायचे, आणि ती 'एकदा काय झालं' म्हणेपर्यंत संपलं. त्यामुळे तिचा एकही धडा यांनी पुरा ऐकला नाही. शाळेत तिचं नाव पडलं हळुबाई. बाई म्हणायच्या, "उत्तर बरोबर आहे बहुतेक, पण माझ्यापर्यंत पोचलं नाही."

सासूबाईंना कमी ऐकू येतं. त्या माणसाच्या ओठांकडे बघून बोलणं ओळखतात. म्हणजे आमच्या कुजबुजीच्या घरात सगळ्यांत नीट ऐकू कुणाला येत असेल, तर ते बहिऱ्या माणसाला. फक्त त्यांचा स्वतःचा आवाज त्यांना कळत नाही. त्यामुळे घरात मोठ्यानं बोलणाऱ्या त्या एकट्या, आणि यांची झोप मोडली तर दोष बाकीच्यांना.

लेकीनं इतिहासाचं शिक्षण घेतलं. जुन्या दगडांचं तिला वेड. आमच्या गावापासून बसनं जाता येईल एवढ्या अंतरावर राज्य उद्यान आहे. मोठं जंगल, त्यात एक तळं, तळ्यामागून वर चढणारा व्यापाऱ्यांचा जुना रस्ता आणि रस्त्याच्या टोकाला दगडी सराई. तिथं वाटाड्यांची भरती निघाली. लेखी परीक्षेत ही पहिली आली. राहिली ती एक फेरी. सुट्टीच्या दिवशी खऱ्याखुऱ्या पाहुण्यांचा एक गट घेऊन उद्यान दाखवायचं. मुख्य वाटाड्या सगळ्यांच्या मागून चालणार. त्यांना तिथं सगळे मोठ्या बाई म्हणतात. त्यांची अट एकच होती: मागच्या माणसाला ऐकू आलं पाहिजे.

झालं! जीव टांगणीला लागला. पोरगी मोरीत नळ सोडून ओरडायची तालीम करायची, गच्चीवर जाऊन ओरडायची. आवाज निघायचा, पण तो तिचा वाटायचा नाही. कुणाचा तरी उसना आणलेला, पायात न बसणारा बूट असावा तसा.

"बाबा, तुम्ही याल ना?" तिनं विचारलं.

"येणार. आणि जागा राहणार," हे म्हणाले.

"नक्की?"

"अगं, शब्द दिला."

आदल्या रात्री पाळी होतीच. सकाळी कामावरून आले, तोंड धुतलं, उभ्या उभ्या चहा घेतला आणि सासूबाईंना घेऊन आम्ही निघालो. मी रात्रीच देव पाण्यात घातले होते. देवापुढे मागणं मांडलं ते असं: पोरीचा आवाज उघडा ठेव आणि यांचे डोळे उघडे ठेव. दोन मागण्या एकदम करू नयेत असं म्हणतात. पण त्या मला एकच वाटत होत्या.

बसमध्ये हे खिडकीशी बसले. लेक पुढच्या बाकावर, ओठ हलताहेत, पाठांतर चाललेलं. ऊन कोवळं होतं आणि झाडं मागे सरकत होती. थोड्या वेळानं बघते तो यांचा उजवा हात मांडीवरून अलगद वर उठला, दोन बोटं जुळली, हवेतलं काहीतरी उचललं आणि बाजूला ठेवलं. पुन्हा हात मांडीवर. मग पुन्हा वर.

"अहो, काय करताय?"

"ते झाड वाकडं होतं," हे म्हणाले. डोळे उघडे होते, पण त्या डोळ्यांत कारखान्याचा पांढरा उजेड होता. मी चिमटा काढला. तसं ठरलंच होतं आमचं. यांनी कारखान्यातल्यासारखा दुसरा हात वर करून 'ठीक आहे' असं खुणावलं आणि आणखी एक झाड वेचून बाजूला काढलं.

उद्यानाच्या फाटकाशी गट जमला होता. एक टोपी घातलेले गृहस्थ आणि त्यांची बायको, लहान मुलं असलेलं एक कुटुंब, कॉलेजातल्या काही मुली, आणखी थोडे. मोठ्या बाई छत्री घेऊन मागे उभ्या. चेहरा असा की घरात गॅस चालू राहिला आहे की बंद आहे, हे त्यावरून कधी कळू नये.

लेक पुढे झाली. नमस्कार केला. बोलायला लागली. वारा होता, पानांची सळसळ होती, आणि तिचं बोलणं त्या सळसळीत एखादं पान मिसळावं तसं मिसळून गेलं. पुढच्या दोघातिघांनी माना हलवल्या. मागच्यांनी एकमेकांकडे बघितलं.

"ताई, जरा आवाज वाढवा," टोपीवाले म्हणाले. "आम्हीपण तिकीट काढलंय."

तिनं आवाज वाढवला. तो मधेच चिरकला. कॉलेजच्या मुली हसल्या. वाईट हेतूनं नाही, पण हसल्या.

त्यात सासूबाई. "अगं, तोंड इकडे कर ना! झाडाकडे बघून काय बोलतेस? तू काय म्हणतेस ते मला दिसत नाहीये!"

आता मात्र सगळेच हसले. पोरीचे कान लाल झाले. मी सासूबाईंचा हात दाबला. त्या म्हणाल्या, तितक्याच मोठ्यानं, "दाबतेस काय? खरं तेच बोलले."

तळ्याशी पोचलो. पाणी इतकं निवांत की पलीकडचा डोंगर त्यात उलटा निजलेला. एक पांढरा पक्षी एका पायावर उभा होता. तो उभा होता की त्याचं चित्र कुणी तिथं टोचून ठेवलं होतं, सांगता येईना. लेक बांधाविषयी सांगत होती, कुणी बांधला, दगड कुठून आणले. अर्धं ऐकू येई, अर्धं पाणी पिऊन टाकी. मोठ्या बाईंनी हात उचलला आणि कानामागे धरला. लेकीनं ते बघितलं. तिनं बघितलं हे मी बघितलं. 

वळून बघते तो हे कठड्याला दोन्ही हातांनी धरून डुलताहेत. डोळे उघडे, पण मागे माणूस नाही.

"अहो!"

"हे पाणी सरकत नाही," हे म्हणाले.

"नाही सरकत. तळं आहे ते. जागे राहा ना थोडं, शब्द दिलाय तुम्ही."

"तिच्यामुळेच तर होतंय," हे हळूच म्हणाले. "ती बोलायला लागली की माझ्या डोळ्यांवर कुणीतरी पांघरूण घालतं. लहानपणापासून सवय. गप्प बसली तर जागा राहीन मी, पण आज तिला गप्प कसं बसू देणार?" मग तोंडावर पाणी मारून म्हणाले, "मी असं करतो, पुढे जातो. वर सराईत थंड असेल. चालल्यानं झोप उडेल. तुम्ही याल तोवर मी ताजातवाना. तिथलं सगळं ऐकतो."

मी सासूबाईंना धरून होते. त्यांना चढावर एकटं सोडता येत नव्हतं. म्हटलं, जा. जाताना हे रस्त्याच्या मधोमध चालले होते, दोन्ही हात अंगापासून जरा लांब धरून. झोपेतून उठून पाणी प्यायला जाणारं पोर चालतं ना, तसे. झाडांच्या सावल्या त्यांच्या पाठीवरून एकामागून एक जात होत्या. मी तेवढ्यात नाम घेतलं.

जुन्या रस्त्याला दगडांवर चाकांच्या खोल चाकोऱ्या पडलेल्या होत्या. मुलं त्यांत पाय घालून चालू लागली. लेक दगडांविषयी सांगत होती, पण गट पांगला होता. टोपीवाले आणि त्यांच्या बायकोचं घरी परत जाऊन काय खायचं यावर चाललं होतं. कॉलेजच्या मुली एकमेकींचे फोटो काढत मागे रेंगाळल्या. लेकीचे ओठ हलत होते आणि ऐकणारं माणूस एकच उरलं होतं, तिची आजी. त्या लेकीच्या तोंडावरची नजर न काढता प्रत्येक वाक्याला मान डोलवत होत्या.

"छान सांगते," सासूबाई मला म्हणाल्या. "लोकांना ऐकू येत नाही का?"

काय सांगू त्यांना? म्हटलं, "हो ना, आई, कमी येतं."

"अरेरे," त्या म्हणाल्या. "इतक्या तरण्या वयात!"

सराई म्हणजे एक लांबच लांब दगडी दालन. दाराशी थांबलं की आतला गारवा पायांवर येतो, आधी पायांवरच, मग वर चढतो. दोन्ही भिंतींना लागून दगडी ओटे, माणसाच्या लांबीचे. वर अरुंद तिरक्या खिडक्या. ऊन आत येत नव्हतं. येत होता तो उन्हाचा वास लागलेला उजेड. इथं शेवटचा थांबा होता. यानंतर मोठ्या बाई काय ते सांगणार.

लेक पहिली आत गेली आणि थबकली. मागचे लोक तिच्यावर येऊन आदळले.

एका ओट्यावर हे झोपले होते. बूट काढून खाली नीट जोडीनं ठेवलेले, तळहात गालाखाली, गुडघे जरा जवळ घेतलेले. अंगावर खिडकीतल्या उजेडाचा तिरका पट्टा. घरी पलंगावर झोपतात अगदी तसे. त्या दगडावर या मापाचीच माणसं झोपत आली असावीत, असं अंग बसलं होतं त्यात.

"पुतळा आहे?" एका पोरानं विचारलं.

"नाही रे, श्वास घेतोय," दुसरं म्हणालं. आणि तेही कुजबुजत.

मी तोंडावर पदर धरला. मनात म्हटलं, देवा, एवढं एकच मागितलं होतं. उठवायला पुढे झाले तर लेकीनं माझ्याकडे बघून मान हलवली. नको. मग ती त्या ओट्याच्या कडेला जाऊन उभी राहिली, आणि तिनं आवाज वाढवला नाही. घरात दुपारी असतो तेवढा केला.

"हे लोक रात्री चालायचे," ती म्हणाली.

टोपीवाले काहीतरी बोलत होते, ते मधेच थांबले. झोपलेलं माणूस दिसलं की कुणाचाही आवाज आपोआप खाली येतो. शिकवावं लागत नाही. सगळे जवळ सरकले. कॉलेजच्या मुली सरकल्या, मुलं समोरच्या ओट्यांवर चढून बसली. मोठ्या बाई दारात छत्री टेकवून उभ्या.

"दिवसा ऊन फार. खाली मैदानातल्या वाटेला सावली नाही. म्हणून मावळतीला निघायचे आणि उजाडता उजाडता इथं पोचायचे. तुम्ही उभे आहात तिथं ओझी उतरायची. पाय धुवायचे, दोन घास खायचे आणि आडवं व्हायचं. बाहेर सगळं जग उठलेलं, आणि इथं रात्र पडलेली. ही खिडकी बघा, तिरकी आहे. उजेड येतो, पण ऊन अंगावर येत नाही. ज्यानं ही बांधली त्याला ठाऊक होतं की दिवसाची झोप पातळ असते. बशीतल्या पाण्यासारखी. शेजारी कुणी पाऊल टाकलं तरी हलते."

एक पोर हललं, आणि त्याच्या आईनं त्याचा पाय धरून ठेवला.

"मग या दालनामागे जे घर होतं, त्यात राहणाऱ्या बायका काय करत असतील? भांड्यांना फडकी बांधत असतील. डब्याचं झाकण पोटाशी धरून उघडत असतील. त्यांची मुलं उशीत तोंड घालून रडत असतील. त्या मुलांना कुणी रागावलं नसेल. फक्त भिंतीपलीकडे रोज कुणीतरी झोपलेलं असेल, एवढंच. ती मुलं हळू बोलायला शिकली असतील. आणि त्यांना वाटत असेल की प्रवासी म्हणजे झोपलेला माणूस. जागेपणी तो कसा दिसतो, हे त्यांना फारसं माहीत नसेल. ती त्याचे बूट बघत असतील. त्याचे हात बघत असतील. झोपेतही त्याची बोटं काहीतरी करत असतील, आणि ती मुलं तर्क करत असतील की हा माणूस रात्रभर नक्की काय करत असेल."

तेवढ्यात यांची दोन बोटं खरोखरच जुळली, उठली आणि पुन्हा गालाखाली गेली. कुणी हसलं नाही. सगळा गट त्या बोटांकडे बघत राहिला. त्या गार उजेडात मलाही कळेना की मी आज उभी आहे की कितीतरी जुन्या सकाळी. दारात बैलगाड्या सुटल्या आहेत, आत माणसं निजली आहेत, आणि मी या घरची बाई आहे. पायात काही वाजू नये म्हणून मी बोटंसुद्धा दुमडून घेतली.

"अगदी बरोबर!" सासूबाई कडाडल्या.

"शूऽऽऽ!" सगळा गट एकदम वळला. टोपीवाल्यांनी तर ओठांवर बोट ठेवून डोळे वटारले. सासूबाईंना आयुष्यात पहिल्यांदा परक्या माणसानं गप्प बसवलं, आणि त्या चक्क बसल्या.

बाहेर आल्यावर लोक पांगले, तरी बराच वेळ हळूच बोलत होते. मोठ्या बाईंनी लेकीला झाडाखाली बोलावलं. मी जरा लांब उभी राहिले, पण ऐकू येईल इतकीच लांब.

"भांड्यांना फडकी बांधायचे, हे कुठं वाचलंस?"

"वाचलं नाही," लेक म्हणाली. "आमच्या घरी बांधतात."

"मग तसंच सांगत जा. 'असेल' म्हणालीस ते चांगलं केलंस. 'होतं' म्हणाली असतीस तर मी तुला फाटकाबाहेर काढली असती." त्यांनी छत्री उघडून पुन्हा मिटली. "मोठ्या गटांसाठी मी तुला घेणार नाही. शाळेची पोरं तुला तळ्याशीच गिळून टाकतील. आजही अर्धा वेळ मला काही ऐकू आलं नाही."

लेकीनं खाली बघितलं. "हो," एवढंच म्हणाली. 

"पण पहाटे आम्ही थोड्या लोकांना तळ्याकाठी पक्षी बघायला नेतो. तिथं आमच्यातल्या एकाचाही उपयोग नाही. सगळे ढोल. तोंड उघडलं की पक्षी पलीकडच्या डोंगरावर. तिथून लोकांना इथं आणायचं, सराईत बसवायचं आणि हे सांगायचं. त्याला मला तू हवीस."

"पक्ष्यांचं मला काहीच येत नाही."

"शिकशील. हा आवाज मात्र कुणाला शिकवता येत नाही. पहाटेचं काम आहे, अंधारात घर सोडावं लागेल. विचार करून सांग."

लेकीचा चेहरा उजळला आणि लगेच झाकोळला. माझ्याकडे येऊन म्हणाली, "आई, म्हणजे बाबा घरी येतील तेव्हा मी निघून गेलेली असेन. आणि मी परत येईन तेव्हा ते झोपलेले. आत्ता निदान सकाळचा चहा तरी बरोबर होतो आमचा."

तेवढ्यात सराईच्या दारातून हे बाहेर आले, केस एका बाजूला चपटे, गालावर दगडाची नक्षी उठलेली. सगळीकडे बघून म्हणाले, "आलात का? चला, सुरू करा. मी आता एकदम ताजा."

आम्ही तिघींनी एकमेकींकडे बघितलं.

"काय झालं?"

"अरे बाळा," सासूबाई म्हणाल्या, "सगळ्या लोकांनी तुला झोपलेला बघितला. तिकीट काढून!"

यांचा चेहरा असा पडला की मला बघवेना. "झालं सगळं?" यांनी लेकीला विचारलं. "मी शब्द दिला होता."

"बाबा, बरं झालं झोपलात," लेक म्हणाली आणि तिनं सगळं सांगितलं. कामाचंही सांगितलं, वेळेचंही सांगितलं. हे ऐकत राहिले. मग म्हणाले, "घे."

"पण आपली भेट?"

"झोपलेल्या माणसाला भेटायची तुला सवय आहे. माझं काय होईल ते मी बघतो. घे ते काम." आणि बुटाची नाडी आवळत म्हणाले, "माझं मात्र ऐकायचं राहिलं."

परतीच्या बसमध्ये यांनी तिला सांगायला लावलं. ती 'हे लोक रात्री चालायचे' म्हणाली आणि यांची मान माझ्या खांद्यावर. लेक हसली, मग खिडकीबाहेर बघत बसली. मला ते हसू फारसं आवडलं नाही.

ती कामाला लागली. पहिल्या पहाटे मी तिच्यासाठी दिवा लावला, डबा भरून दिला. ती गेली.  यांची यायची वेळ झाली, टळून गेली, उजाडलं. चहा दोनदा गरम केला. सासूबाई दारात उभ्या. माझ्या मनात नाही नाही ते येऊन गेलं. भट्टी, काच, काय काय. माळ हातात घेतली आणि मणी ओढत बसले, पण मन एकाही मण्यावर ठरेना.

शेवटी नखानं दार वाजलं.

"अहो, किती उशीर! कुठं होतात?"

"थांब्यावर," हे बूट काढत म्हणाले. "मी उतरलो तर ती समोरच्या बाजूला उभी. तिची बस चुकली होती, दुसरी यायला वेळ होता. म्हटलं, सांग आता पहिल्यापासून."

"आणि तुम्ही?"

"उभा होतो ना. उभ्यानं झोप लागत नाही मला. दोनदा तोल गेला, तिनं दंड धरला. पण ऐकलं सगळं. तळं ऐकलं, रस्ता ऐकला, खिडक्यांपर्यंत आलो होतो." यांनी चहाचा घोट घेतला. "मला मधे मधे प्रश्न पडत होते, ते विचारले. तिला आवडलं. म्हणाली, असं कुणी विचारत नाही. तेवढ्यात बस आली."

"मग राहिलंच की."

"उद्या त्याच बसनं जाणार आहे ती, तीही पक्ष्यांच्या वेळेला पोचते. जरा आधी येऊन थांबणार आहे." हे आत गेले, अंथरुणावर पडले. मी पडदा ओढला, नेहमीसारखी पावलं न वाजवता बाहेर निघाले, तेवढ्यात आतून हाक आली. दिवसाउजेडी, मोठ्यानं.

"अगं, ऐकलंस का? बैल कुठं बांधत असतील गं ते लोक? ओट्यांजवळ बांधले तर घंटा वाजणार. लांब बांधले तर चोरीची भीती."

"मला काय ठाऊक? झोपा आता."

"घंटा काढून ठेवत असतील," हे म्हणाले. मग थोड्या वेळानं, "पण मग बैल उठून गेला तर कळणार कसं?"

मी स्वयंपाकाला लागले. भाजी चिरून झाली, वरण शिजलं, ऊन ओट्यावर आलं. मधे दोनदा हळूच डोकावले. हे उताणे पडून छताकडे बघत होते, टक्क जागे.